तुम्ही विचारलंत म्हणून: तो लाल रंग खरा आहे का?

घरामागच्या वेधशाळेतून काढलेला सिमेइझ 147 या तेजोमेघाचा फोटो दाखवला, की प्रश्न येतोच: "आकाशात तिथे तर काहीच दिसत नाही. हा लाल रंग तुम्ही भरलात ना?"

नाही. तो रंग त्या मेघातल्या वायूचाच आहे.

वृषभाच्या शिंगाच्या टोकाला अग्नी हा तारा आहे, त्याच्या पूर्वेला हा मेघ पसरलाय. रुंदी सुमारे 3 अंश, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी! 30-40 हजार वर्षांपूर्वी एका ताऱ्याचा स्फोट झाला. त्या धक्क्याने तापलेला हायड्रोजन आजही 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडतोय. पण इतका फिका, की 1952 साली क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेत ग्रिगोरी शाइन आणि वेरा गाझे यांनी तो शोधला, तोही फोटोंमधूनच.

आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, आणि अंधुक उजेडात त्याला लाल रंग जवळजवळ कळतच नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे पागोळीखाली ठेवलेलं भांडं. मी हायड्रोजनच्या त्या लाल प्रकाशाभोवतीचा जेमतेम 3 नॅनोमीटरचा पट्टाच आत सोडणारा फिल्टर लावते, रस्त्यावरच्या एलईडीचा बहुतेक उजेड तिथेच अडतो. पाच-पाच मिनिटं प्रकाश साठवणारी एक्स्पोजर रात्रीमागून रात्री घ्यायची आणि एकावर एक रचायची. फोटोतली खरखर निम्मी करायची तर एक्स्पोजर चौपट लागतात. यातून सुटका नाही. म्हणून तर घरची वेधशाळा हवी. ध्रुवाशी जुळवून कायमची बसवलेली दुर्बीण आणि वर रुळांवरून सरकणारं पत्र्याचं छप्पर. रोज संध्याकाळी सगळं मांडून पहाटे आवरायचं असतं, तर हा मेघ माझ्या हाती लागलाच नसता. पावसाळ्यात सगळं बंद, तेव्हा भिंगांना बुरशी लागू नये एवढंच बघायचं.

मंद भाग मी उजळवते, हे खरं. ते केलं नाही तर पडद्यावर काळोखच दिसेल. पण नसलेले बारकावे रेखून देणारी सॉफ्टवेअर हल्ली मिळतात, त्यांना मी हात लावत नाही. ती वापरली तर तुमचा संशय रास्तच ठरेल.

तरीही खात्री पटत नसेल, तर याच मेघाचे दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशातून काढलेले फोटो माझ्या फोटोशेजारी ठेवून बघा. लाल रंगाची छटा थोडी निराळी असेल. तंतू मात्र त्याच ताऱ्यांपाशी वळलेले आणि तिथेच एकमेकांत गुंतलेले दिसतील.