दिवा लागलाय, कागद भरलाय, तरी प्रिंटर ऑफलाइन का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी नेटवर्कचं काम करते हे एकदा कळलं की सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुणाच्या हळदीकुंकवाला, ऐरोलीहून ठाण्याला परतताना गाडीच्या गर्दीत, कुठेही हाच प्रश्न येतो. “घरचा प्रिंटर समोर चालू दिसतोय, तरी कॉम्प्युटर ऑफलाइन म्हणतो. काय करू?” आणि लगेच त्याची पुरवणी: “मुलाच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघते, माझ्याच कॉम्प्युटरवरून निघत नाही. असं का?”

दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते लिफ्टमध्ये सांगून होत नाही. बहुतेक वेळा प्रिंटरला काहीही झालेलं नसतं. कॉम्प्युटरने त्याला हाक मारली आणि ओ आली नाही, एवढंच त्या ‘ऑफलाइन’मध्ये असतं. ओ का आली नाही हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं आणि ते तो सांगतही नाही. म्हणून लोक प्रिंटर बंद-चालू करतात, ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकतात, कार्ट्रिज हलवून बघतात. यातल्या कशानेही पत्ता दुरुस्त होत नाही, आणि बिघाड बहुधा पत्त्यात असतो.

राउटर, म्हणजे वाय-फायचा डबा, घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, १९२.१६८.१.७ असा काहीतरी. हाच त्याचा पत्ता. हा नंबर कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता दिलेला असतो. एरवी मुदत वाढत राहते आणि कुणाला काही कळत नाही. पण वीज जाते, परत येते, राउटर आणि घरातले सगळे फोन-टीव्ही एकदम जागे होतात. काही राउटर कुणाला कोणता नंबर दिला होता ते विसरलेले असतात. मग प्रिंटरचा जुना ७ कुणाच्या तरी फोनला जातो आणि प्रिंटरला मिळतो १२. कॉम्प्युटर मात्र ७ वरच कागद पाठवत बसतो. बिल्डिंग पुनर्विकासाला जाऊन वर्ष झालं तरी जुन्या दारात कुरियर येत राहावं तसं. प्रत्येक वेळी असं होतं असं नाही, पण ‘काल रात्रीपर्यंत चालू होता हो’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारते, मध्ये लाइट गेली होती का?

हे तपासायची माझी आवडती युक्ती अगदी साधी आहे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती असलेला कागद छापून घ्यायचा. मेनू नसेल तर एखादं बटण दाबून धरून तो निघतो, पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यावरचा नंबर घ्यायचा आणि जो कॉम्प्युटर कुरकुरतोय त्याच्याच ब्राउझरमध्ये, वेबसाइटचं नाव टाकतो तिथे, तो टाकायचा. बहुतेक नेटवर्क प्रिंटरना स्वतःचं छोटंसं पान असतं. शाईची पातळी, कागदाचा आकार वगैरे दाखवणारं ते पान उघडलं, की समजायचं रस्ता मोकळा आहे, दोष बहुधा विंडोजने लिहून ठेवलेल्या पत्त्यात आहे. पान उघडलं नाही, तर रस्ताच तुटलाय. ड्रायव्हरला हात लावण्यात अर्थ नाही. मिनिटभराचं काम आहे, आणि त्याने निम्मे तर्क तिथेच गळून पडतात.

रस्ता मोकळा असेल तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ (विंडोज प्रिंट कुठे पाठवतं त्याची नोंद) उघडायचं आणि तिथला नंबर कागदाशी ताडून बघायचा. जुळत नसेल तर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ प्रकारचा नवा पोर्ट करून त्यात खरा नंबर भरायचा. तिथे नंबराऐवजी ‘डब्ल्यूएसडी’ दिसलं तरी मी हेच करते. त्या प्रकारात विंडोज प्रिंटरला आपलं आपण शोधतं, आणि सापडेनासा झाला की हातावर हात ठेवून बसतं. आणखी एक खोडी: नंबर बरोबर, पान उघडतंय, तरीही ऑफलाइन. अशा वेळी पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक काढून बघा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची तब्येत विचारत असतं. काही प्रिंटर त्या विचारपुशीला उत्तरच देत नाहीत, आणि विंडोज त्यांना मेलेलं समजतं.

कागदावर १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर आला तर प्रिंटरची राउटरशी भेटच झालेली नाही. नंबर द्यायला कुणी नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतलाय. नेटवाला येऊन नवा राउटर लावून गेला, वाय-फायचं नाव-पासवर्ड बदललं, फोनमध्ये सगळ्यांनी नवा पासवर्ड टाकला आणि प्रिंटरला कुणी सांगितलंच नाही, हे नेहमीचं. दुसरं कारण बँडचं, म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या प्रकाराचं. घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांना यादीतसुद्धा दिसत नाही. आणि राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही आत येत नाही.

आता पुरवणीच्या प्रश्नाकडे येते, म्हणजे एकावरून निघते आणि दुसऱ्यावरून नाही. यासाठी पाचपाखाडीतल्या एका घरातली गोष्ट सांगते, कारण ठाण्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये हीच रचना आहे. नेट कंपनीचा डबा हॉलमध्ये, दाराजवळ. त्याचं वाय-फाय मधली काँक्रीटची भिंत आणि आरशाचं कपाट ओलांडून मागच्या बेडरूममध्ये पोचत नाही, म्हणून तिथे दुसरा राउटर आणून लावलेला. प्रिंटर बेडरूममध्ये. नातू बेडरूममध्ये बसून धडाधड प्रिंट काढतो. काका हॉलमध्ये सोफ्यावर बसतात, त्यांची एकही निघत नाही.

“अगं, दहा पावलांवर आहे तो. एवढ्याशा घरात त्याला रस्ता सापडत नाही?” काका वैतागले होते.

मी त्यांच्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं, म्हणजे लॅपटॉपचा नंबर दिसतो. उत्तर आलं १९२.१६८.१.५. प्रिंटरमधून कागद काढला, त्यावर १९२.१६८.०.१०२. काकूंची उभी हयात बँकेत टोटल जुळवण्यात गेलेली. त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद स्क्रीनशेजारी धरला आणि म्हणाल्या, “तिसरा आकडा वेगळा आहे गं.”

तोच दोष. एका घरगुती नेटवर्कमधल्या नंबरांचे पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात. घरात एक नेटवर्क नव्हतं, दोन होती. बेडरूमच्या राउटरने आपल्यामागे वेगळा संसार थाटला होता. अशा रचनेत आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत येता येत नाही. म्हणून नातवाला इंटरनेटही मिळत होतं आणि प्रिंटरही. काकांचा निरोप मात्र उंबऱ्यावरून परत येत होता. गंमत म्हणजे प्रिंटर उचलून हॉलच्या वाय-फायला जोडला असता, तर नंबर टाकून नातवालाही प्रिंट काढता आली असती, फक्त आपोआप शोधून सापडला नसता.

उपाय असा: बेडरूमच्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकायचं, म्हणजे तो नंबर वाटायचं काम सोडतो आणि फक्त वाय-फाय पसरवतो. नंबर वाटणारा घरात एकच उरतो, दाराजवळचा डबा. अर्थात त्यानंतर प्रिंटरला पुन्हा नवा नंबर मिळाला आणि नातवाचं बंद पडलं! त्याचंही पोर्ट बदललं, आणि मग ब्राउझरमधून डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन प्रिंटरचा नंबर राखून ठेवला. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशा नावाची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळखखूण, जो त्याच कागदावर छापलेला असतो, त्याच्यासमोर एक नंबर लिहून टाकला की लाइट कितीही वेळा जावो, तो नंबर त्याचाच. या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. नंबर प्रिंटरमध्ये हाताने भरून ठेवतात तेही चालतं, पण राउटर ज्या पट्ट्यातले नंबर वाटतो त्याच्या बाहेरचा घ्यावा लागतो, आणि राउटर बदलला की तो नंबर तिथे निकामी होऊ शकतो. मी राउटरवरच करते.

पाहुण्यांसाठी म्हणून वेगळं ‘गेस्ट’ वाय-फाय चालू केलेल्या घरांतही एकाचं चालतं, एकाचं नाही. गेस्टवरच्या यंत्राला घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत हाच त्याचा हेतू असतो. ऑफिसच्या लॅपटॉपचं कारण आणखी वेगळं. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) चालू केलं की त्याची सगळी वाहतूक ऑफिसकडे वळते आणि दोन हातांवरचा प्रिंटर दिसेनासा होतो. ते बहुधा आयटीवाल्यांनी मुद्दाम केलेलं असतं. त्यात मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.

राहिला जुना प्रकार: प्रिंटर यूएसबी वायरने एका कॉम्प्युटरला जोडलेला आणि तिथून बाकीच्यांना ‘शेअर’ केलेला. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगांमध्ये घरून अकाउंट्सचं काम करणाऱ्यांकडे हा अजून आहे. धडधाकट काळा-पांढरा लेझर प्रिंटर, वाय-फाय नाही, टाकवत नाही. पूर्वी ‘होमग्रुप’ नावाची सोय होती, ती २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढली. मग २०२१ आलं. त्या जूनअखेर विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागात, ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली. तिच्यातून परक्याला कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा घेता येत होता. जुलैत तातडीची दुरुस्ती आली, ऑगस्टपासून शेअर्ड प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनची परवानगी लागू लागली. छपाईतल्याच आणखी एका त्रुटीसाठी सप्टेंबरच्या अपडेटने दोन कॉम्प्युटरांमधलं बोलणं जास्त कडक केलं, आणि शेवटी ‘११बी’ असलेला एरर घरोघरी दिसू लागला. त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा शून्य करायचा तोडगा व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. त्याने प्रिंट निघते, खरं आहे. पण चोर येतो म्हणून बसवलेली कडीच त्यात काढून ठेवलेली असते. ज्या कॉम्प्युटरवर लोकांची विवरणपत्रं आहेत तिथे तर मी ते करणार नाही.

शेअरिंग ठेवायचंच असेल तर मी या गोष्टी बघते. प्रिंटरवाला कॉम्प्युटर झोपलेला नसावा. तो झोपला की सगळ्यांचं बंद. त्याचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असावं; नवा राउटर आला की विंडोज त्याला अनोळखी समजून पुन्हा ‘पब्लिक’ करू शकतं. आणि त्यावरच्या खात्याला पासवर्ड असावा. घरात कशाला पासवर्ड म्हणून रिकामा ठेवलेला असतो, आणि विंडोज रिकाम्या पासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही. रोज टाकता तो चार आकडी पिनही इथे चालत नाही. तो त्या एका यंत्रापुरताच असतो, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. “पासवर्ड बरोबर टाकतोय, घेत नाही” म्हणणारे बहुतेक जण पिन टाकत असतात.

माझं मत विचाराल तर हा सगळा खटाटोप करण्याआधी प्रिंटरच्या पाठीमागे एकदा बॅटरी मारून बघा. अशा कितीतरी लेझर प्रिंटरना नेटवर्कच्या वायरचं भोक असतं आणि त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकणसुद्धा कुणी काढलेलं नसतं. तिथून राउटरपर्यंत वायर टाकली की प्रिंटर स्वतःच्या पायावर उभा राहतो, कुणाचाही कॉम्प्युटर चालू असावा लागत नाही.

काहीही दुरुस्त करण्याआधी कॉम्प्युटरवर अडकलेल्या प्रिंटची रांग मात्र रिकामी करा. निघत नाही म्हणून घरातल्या प्रत्येकाने चिडून पुन्हा पुन्हा प्रिंट दाबलेलं असतं, आणि पत्ता सापडला की ते सगळं एकदम बाहेर येतं. यादीतून काढूनही एखादं काम ‘डिलीटिंग’ म्हणत अडून बसलं, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर आहे त्यातल्या फायली उडवायच्या, फोल्डर तसंच ठेवायचं, आणि स्पूलर पुन्हा चालू करायचा.

आणि रात्री अकरा वाजता उद्याचा शाळेचा प्रोजेक्ट समोर असेल तर यातलं काहीही करू नका. प्रिंटरच्या खोक्यात बहुधा एक यूएसबी केबल पडलेली असते, ती लावा, काम उरका, झोपा. दुसऱ्या दिवशी प्रिंटरच्या यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहिलेली एक जादा नोंद दिसेल. ती तेवढी काढून टाका, नाहीतर परवा कुणीतरी तिच्यावर प्रिंट पाठवेल आणि ऑफलाइन दाखवतंय म्हणून मला फोन करेल.