जँगोच्या टेम्प्लेटमधून फंक्शन कॉल करायला गेलो तेव्हाचा माझा अनुभव

गावच्या दूध डेअरीसाठी जँगोमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, एक छोटं अ‍ॅप करत होतो. सभासदाचं दहा दिवसांचं बिल काढायचं म्हणून मॉडेलमध्येच (डेटाबेसमधल्या तक्त्यासाठीचा पायथन क्लास) बिल नावाची मेथड, म्हणजे त्या क्लासमधलं फंक्शन, लिहिली, तिला दोन तारखा द्यायच्या, कधीपासून आणि कधीपर्यंत. शेलमध्ये (पायथनच्या ओळी थेट चालवून बघायची जागा) एकदम बरोबर चालली. मग टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल साच्यात, तसंच कंसात तारखा घालून लिहिलं तर लगेच टेम्प्लेट सिंटॅक्स एरर, 'कुड नॉट पार्स द रिमेंडर'. कंस काढला तर एरर गेली, पण बिलाचा रकाना सगळा कोरा! हे तर जास्त वाईट, कारण पान बघणाऱ्याला वाटणार या माणसाचं बिलच नाही.

नंतर कळलं की टेम्प्लेटमध्ये मेथडचं नाव दिसलं की जँगो ती स्वतःच कॉल करतो पण काहीच न देता, आणि तिला आर्ग्युमेंट (कंसात द्यायच्या किमती, माझ्या बाबतीत तारखा) लागत असतील तर गुपचूप जागा रिकामी सोडतो. हे मुद्दाम केलंय. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या पेपरच्या ऑफिसात तयार झालं, 2005 ला सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि टेम्प्लेटमध्ये फक्त मांडणी असावी, हिशोब पायथनमध्ये, असा त्यांचा आग्रह. मला तो पटतो.

तरी आधी कस्टम टॅग केला, म्हणजे टेम्प्लेटमधून आर्ग्युमेंट देऊन बोलावता येणारं आपलं फंक्शन. अ‍ॅपमध्ये टेम्प्लेटटॅग्ज फोल्डर, त्यात इनिट फाइल, रजिस्टर, वर सिंपल टॅगचा डेकोरेटर. फिल्टर (टेम्प्लेटमधली व्हॅल्यू बदलून दाखवणारं फंक्शन) चालला नसता, त्याला मूळ व्हॅल्यू सोडून एकच आर्ग्युमेंट देता येतं आणि मला तारखा दोन. टॅग सापडेना म्हणून अर्धा तास गेला, सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर सापडला. आणि बेस टेम्प्लेटमध्ये टॅगची फाइल लोड केलेली असली तरी त्याला एक्स्टेंड करणाऱ्या प्रत्येक टेम्प्लेटमध्ये परत लोड लिहावंच लागतं, हे लक्षात ठेवा.

बिलं दिसली पण पान फार हळू. डीबग टूलबार (पान तयार होताना काय काय झालं ते दाखवणारं साधन) लावला तर 180 सभासदांना 181 क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा), म्हणजे लूपमध्ये प्रत्येक ओळीला टॅग वेगळा डेटाबेसकडे जात होता. मग बेरीज व्ह्यूमध्येच (टेम्प्लेटला डेटा पुरवणारा पायथन कोड) अ‍ॅनोटेट आणि सम या, डेटाबेसकडूनच बेरीज करून घेणाऱ्या, सोयींनी केली, तारखांची अट समच्याच फिल्टर नावाच्या आर्ग्युमेंटमध्ये घातली, एकच क्वेरी झाली. टॅग काढून टाकला. आता टेम्प्लेटमध्ये माझा एकच फिल्टर उरलाय, रक्कम आपल्या पद्धतीने लाख-हजारांचे स्वल्पविराम देऊन दाखवणारा, तो तिथेच शोभतो.