पाच पाकळ्या, दोन ठिपके

पोहणाऱ्या जिवाणूंची कशाभिका, म्हणजे शेपटीसारखा लांब तंतू, ज्या मोटारीवर फिरते, तिच्या स्थिर भागाची, म्हणजे स्टेटरची, त्रिमितीय रचना ठरवण्याचे काम त्या काळात आमच्या प्रयोगशाळेत चालू होते. मॉट-ए आणि मॉट-बी या दोन प्रथिनांचे हे संकुल पेशीच्या आतील पटलात रुतलेले असते, आणि पटलातून सोडवून घेताना चुकीचे डिटर्जंट, म्हणजे पटल विरघळवणारे साबणासारखे रसायन, वापरले तर ते विस्कटून जाते. गोठवलेल्या नमुन्याची चित्रे घेणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला 2017 साली रसायनशास्त्राच्या नोबेलचे कोंदण लाभल्यापासून, नमुना आत घातला की रचना आपोआप बाहेर पडते, अशी अनेकांची समजूत झालेली दिसते. प्रत्यक्षात आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा नियम येथे जितका कठोरपणे लागू होतो तितका क्वचितच कुठे होत असेल. शुद्ध आणि अखंड प्रथिन हाती नसेल तर संगणकाने लाखो चित्रे कितीही उगाळली तरी त्यातून धुकेच निघते.

त्या दिवशी सकाळी रात्रभराच्या चित्रणाचा पहिला निकाल पडद्यावर आला. ग्रिड आदल्या आठवड्यात गोठवल्या होत्या. ग्रिड म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर व्यासाची जाळीदार चकती. तिच्यावरील पातळ पापुद्र्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांवर प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब ठेवून टिपकागदाने जादा पाणी टिपून घ्यायचे आणि क्षणार्धात चकती द्रवरूप इथेनमध्ये बुडवायची. पाणी इतक्या वेगाने गोठते की त्याचे स्फटिक होण्यास अवधीच मिळत नाही आणि प्रथिने काचेसारख्या बर्फात जशीच्या तशी अडकून राहतात. बर्फ जाड झाला तर प्रथिने दिसत नाहीत, फार पातळ झाला तर ती छिद्राच्या कडेला लोटली जातात. या वेळी बर्फ साधला होता.

पडद्यावर होती ती सरासरी-चित्रे. संगणक एकसारख्या दिसणाऱ्या कणांना गटांत विभागतो, त्यांना एका दिशेने फिरवून एकमेकांवर ठेवतो आणि प्रत्येक गटाचे एक स्वच्छ चित्र तयार करतो. बहुतेक चौकटींत संकुल कडेवरून दिसत होते: मध्यभागी डिटर्जंटचे धूसर वलय आणि त्याच्याखाली पेशीद्रवाच्या बाजूला उतरलेला घंटेसारखा भाग. वरून दिसणारी चित्रे थोडीच होती. त्यांपैकी एक चौकट आमच्या गटातील विद्यार्थिनीने मोठी केली आणि काही न बोलता पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावर मोजू लागली. पाच पाकळ्या होत्या, आणि मधोमध एकमेकांना खेटून दोन ठिपके.

या आकड्यांचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कशाभिका चाबकासारखी वळवळत नाही, तर स्क्रूसारखी फिरते, हे 1973 आणि 1974 च्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यानंतर अनेक दशके स्टेटरमध्ये मॉट-ए चे चार आणि मॉट-बी चे दोन रेणू असतात असे मानले जात होते. चार आणि दोन हे सोयीचे आकडे आहेत. एक दुसऱ्याला निःशेष भाग देतो आणि आकृती सुबक दिसते. 2020 साली दोन संशोधन गटांनी स्वतंत्रपणे वेगवेगळ्या जिवाणूंच्या स्टेटरच्या रचना प्रसिद्ध केल्या, तेव्हा मॉट-ए ची संख्या पाच निघाली. हे आम्हांला ठाऊक होते, तरीही आमचा जिवाणू वेगळा होता, आणि दुसऱ्यांच्या निष्कर्षाची उसनवारी करण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेले बरे, असे आम्ही ठरवले होते.

याच कारणाने त्रिमितीय गणना करताना आम्ही कोणतीही सममिती लादली नाही. संगणकाला पाचपट सममिती सांगितली तर तो पाचही पाकळ्या इमानाने एकसारख्या करून देतो आणि नकाशाचे तपशील एरवीपेक्षा ठसठशीत होतात, हे खरे आहे. परंतु मध्यभागी असलेल्या दोन साखळ्यांना पाचाने गुणून त्यांची सरासरी काढली, तर तेथे केवळ एक गोलसर डाग उरतो. म्हणजे मोटार कशी चालते हे सांगणारा नेमका भागच पुसला जातो. सुबकतेचा हा मोह या क्षेत्रात फार महागात पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारपर्यंत पहिला नकाशा तयार झाला. मॉट-ए चा प्रत्येक रेणू पटलातून चार वेळा आरपार जातो, त्यामुळे बाहेरच्या कड्यात वीस सर्पिले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मळसूत्री तुकडे, होती, आणि आत मॉट-बी ची दोन. या आतल्या प्रत्येक सर्पिलावर अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा एक घटक असतो, ई. कोलाय या जिवाणूत तो 32 व्या क्रमांकावर आहे, आणि त्याच्या जागी अ‍ॅस्पराजीन हे दुसरे अमिनो आम्ल घातले तर मोटार पूर्णपणे बंद पडते. मोटारीला ऊर्जा पुरवणारा, बाहेरून आत येणारा प्रोटॉन याच घटकावर क्षणभर टेकतो. नकाशा फिरवून वरून पाहिल्यावर जाणवले की हे दोन घटक आपापल्या शेजारच्या मॉट-ए च्या संदर्भात एकसारख्या स्थितीत नाहीत. ते तसे असूच शकत नाहीत, कारण पाचांच्या कड्यात समोरासमोरच्या दोन जागा कधीही सारख्या नसतात. एक घटक प्रोटॉन घेण्याच्या स्थितीजवळ येतो तेव्हा दुसरा त्या स्थितीपासून दूर असतो. प्रचलित प्रतिमानानुसार प्रत्येक प्रोटॉनासरशी मॉट-ए चे कडे मॉट-बी भोवती 36 अंशांनी पुढे सरकते आणि मग दुसऱ्या घटकाची पाळी येते. दहा प्रोटॉन गेले की एक फेरी पूर्ण होते. पाचाला दोनाने भाग जात नाही, याच अडचणीवर निसर्गाने ही मोटार चालवली आहे.

स्टेटरला स्थिर भाग म्हणण्याची पद्धत असली तरी तो स्वतःच एक लहानसे चाक आहे, ही गोष्ट त्या दुपारी मला कागदावर वाचल्याच्या कितीतरी पट अधिक पटली. हे लहान चाक रोटरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाच्या, सी-कड्याला फिरवते. सी-कडे फ्लाय-जी, फ्लाय-एम आणि फ्लाय-एन या प्रथिनांचे बनलेले असते आणि साल्मोनेला या जिवाणूत त्यात साधारणपणे 34 एकके आढळतात. दाते एकास एक बसतात असे धरले, तर रोटरच्या एका फेरीमागे स्टेटरच्या जवळजवळ सात फेऱ्या होतात. ई. कोलायची कशाभिका सेकंदाला सुमारे 300 फेऱ्या घेऊ शकते, म्हणजे हे चिमुकले कडे सेकंदाला दोन हजारांच्या आसपास गरगरत असले पाहिजे. दिशा बदलण्याची युक्ती तर त्याहून देखणी आहे. स्टेटर नेहमी एकाच दिशेने फिरतो. सी-कड्याला त्याचा स्पर्श बाहेरच्या अंगाने झाला तर रोटर उलट फिरतो, आणि की-वाय या संदेशवाहक प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाऊन ते सी-कड्याला चिकटले की कड्याचा आकार बदलतो, स्टेटर त्याच्या आतल्या अंगाला लागतो व रोटर स्टेटरच्याच दिशेने वळतो.

संध्याकाळी शेजारच्या खोलीत बांधलेल्या पेशींचा प्रयोग चालू होता, तो मी मुद्दाम पाहायला गेलो. जिवाणूंचे द्रावण दोन सिरिंजांमधील बारीक नळीतून पुढे-मागे ढकलले की कशाभिका तुटून आखूड होतात. मग प्रतिपिंडाच्या साहाय्याने त्यांचे खुंट काचेला चिकटवले जातात. कशाभिका जखडलेली असल्यामुळे मोटार तिच्याऐवजी सगळी पेशीच फिरवू लागते. साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर काचेवर जागोजागी भिंगऱ्या फिरत आहेत असे वाटते, आणि अधूनमधून त्यांतील एखादी थबकून उलट फिरू लागते. ओढायचे ओझे मोठे असल्याने वेग सेकंदाला दहा फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे डोळ्यांनी टिपता येईल इतकाच असतो. प्रयोग करणाऱ्या सहकाऱ्याने पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरक नाहीसा करणारे सीसीसीपी हे रसायन प्रवाहात सोडले. एकामागून एक पेशी थांबत गेल्या.

आमच्या नकाशातील स्टेटरही थांबलेलाच होता, मात्र वेगळ्या कारणाने. मॉट-बी च्या साखळीचा एक तुकडा बुचासारखा बसून प्रोटॉनांची वाट अडवतो, आणि स्टेटर मोटारीत येऊन पेशीभित्तिकेला पक्का धरेपर्यंत हे बूच निघत नाही. मोकळ्या स्टेटरमधून प्रोटॉन वाया जाऊ नयेत यासाठी ही तजवीज असते. त्यामुळे पटलातून सुटा काढलेला स्टेटर आपल्याला कुलूपबंद अवस्थेतच दिसतो. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत बुचाचा भाग कापून टाकलेला मॉट-बी बनवायला घेण्याचे ठरले. असे प्रथिन भरपूर तयार झाले तर प्रोटॉन गळून पेशींची वाढच खुंटते, तेव्हा हाती येणारा नमुना तुटपुंजा असणार हे गृहीत धरून, प्रथिननिर्मितीचा संदेश पेशींची वाढ बरीच पुढे गेल्यावरच द्यायचा, असे वेळापत्रक आम्ही फळ्यावर मांडले.