शॉर्टस्टॉप बॉल बघत उभा होता

जूनमधला शनिवार, न्यू जर्सीतलं एक सार्वजनिक मैदान आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची बेसबॉल मॅच. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग चालू होती. यजमान संघ ३-४ असा मागे, दोन आउट (तिसरा गेला की इनिंग संपली), फर्स्ट बेसवर एक रनर. फर्स्ट, सेकंड, थर्ड करत तो होमला पोचला की एक रन. होम प्लेटमागे माझा जोडीदार अंपायर, आणि मी आत, पिचरच्या मागे, सेकंड बेसच्या अलीकडे.

बॅटरने सेंटर आणि राइट फिल्डरच्या मधल्या मोकळ्या जागेत सणसणीत फटका मारला. मैदानावरची झाडून सगळी माणसं बॉलकडे बघायला लागली. मीही एकदा पाहिलं आणि मान वळवली, कारण फर्स्टवरून सुटलेल्या रनरचा पाय सेकंड बेसला लागतो की नाही हे बघणं माझं काम. पाय लागला. आणि तिथेच, बेसला वळसा घेऊन थर्डकडे जायच्या वाटेवर, शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधला फिल्डर, उभा होता. तोंड आउटफिल्डकडे, ग्लव्ह खाली लोंबतोय, रनर अंगावर येतोय याचं भान नाही. रनरचा खांदा त्याच्या छातीला लागला. पोरगा गर्रकन फिरला, एक हात मातीत टेकला, सावरला आणि पुन्हा पळत सुटला. दोन-तीन पावलं तरी गेली.

मी शॉर्टस्टॉपकडे बोट केलं आणि खड्या आवाजात ‘ऑब्स्ट्रक्शन!’ असं पुकारलं. खेळ मात्र थांबवला नाही.

हे इथल्या पालकांनाही पटकन कळत नाही. ज्या फिल्डरच्या हातात बॉल नाही आणि जो बॉल अडवायच्या प्रयत्नातही नाही, त्याने रनरची वाट अडवायची नाही, एवढा हा नियम. आलेला फटका अडवायला धावणाऱ्या फिल्डरला मात्र वाट मोकळी हवी. तिथे रनरनेच बाजूला व्हायचं, नाहीतर तो आउट. आमच्या लीगला प्रोफेशनल नियमावलीच लागू आहे. अडवलेल्या रनरलाच आउट करायचा प्रयत्न चालू असेल तर बॉल तिथल्या तिथे डेड होतो, म्हणजे खेळ थांबतो, आणि रनरला किमान एक बेस पुढे मिळतो. तसा प्रयत्न चालू नसेल तर खेळ चालू ठेवायचा, सगळं थांबलं की मग अडवल्यामुळे काय बिघडलं ते ठरवायचं आणि तेवढं भरून द्यायचं.

म्हणून मी रनरच्या मागे नजर लावून राहिलो. थर्डजवळचा कोच केव्हापासून हात गरागरा फिरवत होता. पोरगा थर्डवरून सुसाट होमकडे सुटला. थ्रो आला, कॅचरने टॅग केला, म्हणजे बॉल रनरच्या अंगाला लावला. जोडीदाराची मूठ वर गेली. आउट, एका पावलाने. पाहुण्या संघाची मुलं उड्या मारत एकमेकांच्या अंगावर पडली.

मी दोन्ही हात वर करून ‘टाइम’ म्हणालो, रनरकडे बोट केलं आणि त्याला होम दिलं. चार-चार.

पाहुण्या संघाचा कोच तरातरा आला. ‘ब्लू!’ (अंपायरला इथे शर्टाच्या रंगावरून अशीच हाक मारतात.) ‘मुलाने मुद्दाम नाही केलं!’

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात तुटतं, कारण एकेकाळी मीही हेच म्हणालो होतो. २६ ऑक्टोबर २०१३, सेंट लुईसचं बुश स्टेडियम, वर्ल्ड सीरिजची, म्हणजे इथल्या प्रोफेशनल बेसबॉलच्या अंतिम मालिकेची, तिसरी मॅच. थर्ड बेसवर सुटलेल्या थ्रोसाठी बॉस्टनच्या विल मिडलब्रुक्सने सूर मारला, बॉल मागे गेला, आणि उठून पळणारा सेंट लुईस कार्डिनल्सचा ॲलन क्रेग आडव्या पडलेल्या मिडलब्रुक्सला अडखळला. क्रेग होमला टॅग झाला, तरी थर्डवरचे अंपायर जिम जॉइस यांनी ऑब्स्ट्रक्शन दिलेलं असल्यामुळे रन धरली गेली आणि कार्डिनल्सनी मॅच ५-४ अशी जिंकली. तेव्हा मी अंपायर नव्हतो. क्रिकेटवर वाढलेला माणूस. क्रिकेटमध्ये फिल्डिंगच्या बाजूने बॅटरला अडवलं तर पाच पेनल्टी रन मिळतात, पण ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. त्या रात्री टीव्हीसमोर मी तावातावाने म्हटलं होतं, पडलेल्या माणसाने जायचं कुठे? पुढे नियमावली हातात घेतली तेव्हा कळलं की बॉल निसटून गेला की फिल्डर ‘बॉल अडवतोय’ हे संपतं. त्यानंतर तो वाटेत असला की असला. हेतूचा प्रश्नच येत नाही. ज्याची पावलं गेली त्याची गेलीच ना!

कोचला मी एवढंच म्हटलं, ‘मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही.’

मग त्याने खरा मुद्दा काढला. माणूस नियम जाणणारा होता. ‘थर्ड द्या, मान्य. होमला तो स्वतःच्या जोखमीवर गेला.’ तसा नियम आहेच: जितका बेस मिळायला हवा होता त्याच्यापुढे रनर गेला, तर त्याला आउट करता येतं. थ्रो दहा पावलं आधी आला असता तर मी तो आउट कायम ठेवला असता. पण धडक झाली तेव्हा बॉल अजून कुंपणाकडे घरंगळत होता, पोरगा पूर्ण वेगात होता, त्याची दोन-तीन पावलं गेली आणि होमवर तो एका पावलाने आउट झाला. हे मी जोडीदाराला बाजूला नेऊन सांगितलं. एका पावलाचं त्याने पाहिलं होतं, बाकीचं मी. निर्णय तोच राहिला.

खात्रीने बोलता आलं ते धडक डोळ्यांनी पाहिली म्हणून. माझ्या पहिल्या सीझनमध्ये फर्स्ट बेसवर असंच झालं होतं आणि मी बॉलच्या मागे लागलो होतो. मागे वळलो तेव्हा मुलगा मातीत बसलेला, कोपर सोललेलं, आणि त्याचा कोच माझ्याकडे बघत होता. जे पाहिलं नाही ते देता येत नाही; मी काही दिलं नाही. ते कोपर अजून आठवतं.

मॅच पुढे दोनच पिच, म्हणजे पिचरने टाकलेले दोन बॉल, चालली. बॅटर सेकंडवर होता, पुढच्याने लेफ्टला बॉल काढला आणि यजमान जिंकले.

मी पाण्याची बाटली घ्यायला कुंपणापाशी गेलो तर शॉर्टस्टॉप तिथे उभा. डोळे लाल. त्याने विचारलं, ‘सर, मग मी उभं कुठे राहायचं होतं?’

त्याला घेऊन मी पुन्हा सेकंड बेसवर गेलो. मातीत रनरच्या बोटांचे चार ओरखडे अजून होते. त्याला बेसच्या आतल्या बाजूला, पिचरच्या दिशेने दोन पावलं सरकवलं. तो तिथे उभा राहिला, राइट-सेंटरकडे वळला, मग मान फिरवून फर्स्टकडे पाहिलं.

‘इथून दोन्ही दिसतं,’ तो म्हणाला.