आमची वाटचाल : टायपिंगच्या गाळ्यात कान लावून बसण्याचा धंदा

आमच्या गाळ्यावर अजूनही ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, प्रबंध, झेरॉक्स’ अशीच पाटी आहे. झेरॉक्स मशीन विकून चार वर्षं झाली आणि प्रबंध आता पोरंपोरी स्वतःच टाईप करतात. आमची निम्म्याहून जास्त कमाई रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून कागदावर उतरवण्याची आहे. पण पाटीवर ‘ध्वनिलेखन’ लिहिलं तर जळगावात लोक लग्नाच्या डीजेचा भाव विचारायला येतील, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. म्हणून पाटी तशीच ठेवलीय.

२००९ साली सुरू केलं तेव्हा दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सासऱ्यांनी दिलेलं लोखंडी कपाट एवढंच भांडवल होतं. विद्यापीठाच्या नावात तेव्हा बहिणाबाई आल्या नव्हत्या, नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणायचे. धुळे-नंदुरबारकडचे पीएचडीवाले पिशवीतून हस्तलिखित घेऊन यायचे. एका फॉन्टमधलं टायपिंग दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसते चौकोन दिसायचे, आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्री फोन यायचा. सगळ्या कॉम्प्युटरवर सारखंच दिसणारं युनिकोड रुळलं तशी ती कटकट गेली. त्याबरोबर आमचं निम्मं गिऱ्हाईकही गेलं, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

मुलाखतीचं पहिलं काम २०१४चं. समाजशास्त्राचा एक विद्यार्थी कापूस वेचणाऱ्या बायकांच्या बावीस मुलाखती घेऊन आला. मी सवयीने पानाचा भाव सांगून मोकळी झाले. तासाभराच्या मुलाखतीला सहा तास लागले. ऐका, थांबवा, मागे घ्या, पुन्हा ऐका. बाई कमी बोलली की पानं कमी भरायची, पण तिच्या गप्प बसण्याचा वेळही आम्हाला ऐकावाच लागायचा. त्या कामात टायपिंगला ठेवलेल्या दोन मुलींचा पगार सुटला आणि मी फुकट राबले. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या मिनिटाचा भाव.

पुढची सात-आठ वर्षं अशीच गेली. कोरोनात तर काम वाढलं, कारण सगळ्यांच्या मुलाखती फोनवर व्हायला लागल्या. तो काळ सांगण्यासारखा नाही, सगळ्यांनी पाहिलाय.

सप्टेंबर २०२२मध्ये ओपनएआय या अमेरिकी कंपनीने व्हिस्पर हा आवाज ऐकून मजकूर लिहिणारा प्रोग्रॅम खुला केला. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला माझा भाचा दिवाळीला आला तो हेच सांगत आला. ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेला प्रोग्रॅम, फुकट, आणि आपल्याच मशीनवर इंटरनेटशिवाय चालतो. त्या एवढ्या तासांत मराठीचा वाटा नखाएवढा आहे, हे त्याने सांगितलं होतं की मी ऐकलं नाही, यावर आमच्यात अजून वाद आहे. मला भुरळ पडली ती ‘इंटरनेटशिवाय’ या शब्दाची. आमच्याकडे येणाऱ्या मुलाखतींत बाई सासरबद्दल बोललेली असते, शेतकरी सावकाराबद्दल. ते बाहेर कुठल्या तरी सर्व्हरवर चढवायचं, हे मनाला पटत नव्हतं.

हा प्रोग्रॅम चालवायला हप्त्यावर बारा जीबीचं ग्राफिक कार्ड घेतलं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या पुढे गेला की ते कार्ड आमच्याआधी धापा टाकायचं. त्याच्यासाठी वेगळा पंखा लावला. मुली म्हणायच्या, मॅडमचं लाडकं बाळ.

पहिला प्रयोग एका प्राध्यापकांच्या व्याख्यानावर केला. स्वच्छ, पुस्तकी मराठी, माईक जवळ. चाळीस मिनिटांचं भाषण चहा होईपर्यंत पडद्यावर उतरलं. चुका असतील दहा-बारा. धाकट्या मुलीने सरळ विचारलं, “ताई, मग आम्ही काय करायचं?” मी हसून नेलं, पण रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, हे खरं. आणि दुसऱ्या आठवड्यात भाव निम्मा करून टाकला. धंद्यातली माझी सगळ्यात मोठी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर हीच.

व्हिस्परनंतर आम्ही आणखी तीन-चार प्रोग्रॅम वापरून पाहिले, काही मोफत, काही पैसे मोजून. कोणत्या प्रोग्रॅमने काय गोंधळ घातला ते सांगत बसत नाही, आमच्या बोलीपुढे सगळ्यांची गत सारखीच झाली.

पुण्याच्या एका अभ्यासगटाचं काम आलं. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती, विषय दुष्काळ. प्रश्न विचारणारा प्रमाण मराठीत, उत्तर देणारे अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीत. मशीनने उतरवलं, मुलीने शुद्धलेखन तपासलं, मी वरवर नजर फिरवली. मजकूर असा गुळगुळीत होता की कुठे थांबावंसंच वाटलं नाही. पाठवून दिला. चौथ्या दिवशी तिकडच्या मॅडमचा फोन. “ताई, तुमच्या फाइलमध्ये हे आजोबा म्हणतात, यंदा पाणी उणं नाही. आणि दोनच ओळी खाली टँकरसाठी कर्ज काढलं म्हणतात. काय भानगड आहे?”

मी हेडफोन लावला. आजोबा म्हणत होते, “औंदा पानी उना नही.” उना म्हणजे आला. यंदा पाऊस आला नाही. मशीनला ‘उना’ ठाऊक नव्हता, त्याने शेजारचा मराठी शब्द उचलला आणि अर्थ बरोबर उलटा केला. शुद्धलेखन तपासणाऱ्या मुलीला त्यात चूक दिसणार कुठून? वाक्य शुद्धच होतं. ती मूळची नाशिकची. पण माझं माहेर धरणगावचं, मी अहिराणीत वाढलेली. मी ते ऐकलंच नव्हतं, नुसतं वाचलं होतं.

मग ते सगळं काम पुन्हा, फुकट. ‘त्यानं घर तठेच शे’, म्हणजे त्याचं घर तिथेच आहे, याचं ‘त्यानंतर तेच शेत’ झालं होतं. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा, तो तीन ठिकाणी ‘अंधार’ आणि एका ठिकाणी ‘आंदोलन’ झाला होता. यावल तालुका तर सगळीकडे ‘यावर’. ‘यावर केळी चांगली होते’ हे वाक्य वाचून मला हसू आलं आणि रडूही.

हाताने टाईप करताना मुलीला शब्द कळला नाही तर ती टिंब-टिंब सोडायची. मशीन टिंब सोडत नाही. त्याला कळलं नाही तरी ते काहीतरी नेटकं वाक्य लिहून मोकळं होतं. ओबडधोबड चूक डोळ्याला टोचते. ही इस्त्री केलेली चूक नजरेखालून सुखरूप निघून जाते.

तेव्हा आम्ही आप्पांना आणलं. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, अमळनेर तालुक्यातले, मुलाकडे जळगावात राहायला आलेले. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. कानाला हेडफोन, समोर मशीनच्या मजकुराची छापील प्रत, हातात लाल पेन. पहिल्याच दिवशी ती पाण्याची मुलाखत त्यांना ऐकवली. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “ताई, धल्ला रडी ऱ्हायना आन् तुम्हनं मशीन म्हनस पानी बक्कय शे!” म्हातारा रडतोय हे आवाजात होतं. मजकुरात ते उतरलंच नव्हतं.

आप्पांमुळे कामाची रीतच बदलली. आता गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, बोली ठेवायची की प्रमाण मराठी करायचं? कारण मशीन ते न विचारताच करतं. ‘मना बाप’ म्हटलेलं असतं, तिथे ‘माझा बाप’ येतं. पतपेढीच्या संचालकाची मुलाखत असेल तर चालेल. लोकगीतांवर किंवा बोलीवर काम करणाऱ्याचं मात्र त्यात वाटोळं होतं. अशांना आम्ही दोन रकाने देतो, डावीकडे बोललेलं, उजवीकडे प्रमाण. २०११च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरलीय) वेगळी भाषा म्हणून मोजलीय आणि ती बोलणारे १८ लाखांच्या वर आहेत. तरी आम्ही वापरलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमच्या यादीत मला ती सापडली नाही, म्हणून मराठी निवडायची आणि लाल पेन हाताशी ठेवायचं.

भाषा आपण निवडायची, प्रोग्रॅमवर सोडायची नाही, हेही ठेच लागूनच शिकलो. काही प्रोग्रॅम सुरुवातीची तीस सेकंद ऐकून भाषा ठरवतात. एका मुलाखतीच्या आरंभी रेकॉर्ड करणारा पोरगा “हॅलो, हॅलो, चेक, आवाज आ रहा है क्या” म्हणाला होता. पुढचा सव्वा तास हिंदीत उतरला.

लेवा बोलीची तऱ्हा निराळी. भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. केयी, शाया, डोया. तिथल्या एका केळीवाल्या काकांच्या मुलाखतीत ‘मी मयात गेलो’ होतं, म्हणजे मळ्यात. मशीनने ‘मी मायेत गेलो’ लिहिलं. जळगावचं ‘जयगाव’ झालेलं पाहून एका गिऱ्हाइकाने ते गाव नकाशावर शोधलं होतं म्हणे. प्रोग्रॅमला आधी नावांची यादी देता येते, की बाबा, हे शब्द येतील. पण त्या यादीला मर्यादा असते आणि देवनागरी शब्द त्यात जागा फार खातात. म्हणून पूर्ण जिल्ह्याची गावं न घालता फक्त त्या मुलाखतीतल्या तालुक्याची घालतो. म्हातारी माणसं मुक्ताईनगरला अजून एदलाबादच म्हणतात, तेही घालावं लागतं. आप्पांच्या वहीत असे शब्द साठत चाललेत. वही त्यांचीच आहे, झेरॉक्सही काढू देत नाहीत.

आकड्यांना मी स्वतः बसते. अडीच, पावणेदोन, साडेतीन, दीडशे हे शब्द कधी आकड्यात येतात, कधी अक्षरात, आणि कधी ‘पावणेदोन’मधलं ‘पावणे’ गळून नुसते दोन उरतात. एकराचा आणि पैशाचा प्रत्येक आकडा पुन्हा ऐकायचा, असा आमचा नियम. आणि शांततेलाही पुन्हा ऐकायचं. कुणी बोलत नसलं की ही मशीनं स्वस्थ बसत नाहीत. इंटरनेटवरच्या व्हिडिओंवर शिकलेली असल्याने मधेच ‘धन्यवाद’ लिहितात, नाहीतर एकच वाक्य आठ वेळा. नवरा गेल्याचं सांगताना एक बाई गप्प झाली होती. तिथे मजकुरात ‘चॅनेलला सबस्क्राइब करा’ आलं होतं. आप्पांनी त्यावर लाल रेघ मारून समासात लिहिलं : बाई बोलत नाही. लांब कुठेतरी गिरणीचा पट्टा.

हिशोबाचं सांगायचं तर स्वच्छ प्रमाण मराठीच्या एका तासाला आम्हाला आता दोन तास पुरतात, आधी पाच-सहा लागायचे. अहिराणीच्या तासाला अजूनही चार-साडेचार लागतात, आणि लेवा बोलीत तिघंजण एकदम बोलत असतील तर मशीन बंद करून हातानेच टाईप केलेलं परवडतं. म्हणून भाव आता दोन आहेत, बोलीचा जास्त. गिऱ्हाईक कुरकुर करतं, मोबाईलमध्ये फुकट होतं म्हणतं. मी वाद घालत नाही. त्यांनाच पाच मिनिटांचा तुकडा मोबाईलमधून काढून आणायला सांगते आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवते.

माणसं कमी झाली नाहीत. दोघी मुली, आप्पा आणि मी. नाशिकची मुलगी आता ‘शे’ आणि ‘शेत’ यातला फरक झोपेत ओळखते. टायपिंगचा वेग मात्र तिचा कमी झालाय, असं तीच सांगते.

मुलाखत घ्यायला निघणाऱ्यांना एकच सांगणं. फोन खिशात ठेवून रेकॉर्ड करू नका, नुसता शर्ट घासल्याचा आवाज येतो. टेबलावर घडी घातलेला रुमाल, त्यावर फोन, बोलणाऱ्याच्या बाजूला. आधी विमान मोड लावा, नाहीतर घरून फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणा. आणि उन्हाळ्यात समोरच्याच्या घरी गेलात तर थोडा घाम सहन करा, पण कुलर बंद करायला सांगा. आप्पांना कुलरचा आवाज ऐकला की चक्कर येते.