काचेची ट्यूब, वीस मिनिटं आणि दहा व्हायल

पेरण्या सुरू झाल्या की प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे पेशंट वाढतात. म्हणून मेडिकल ऑफिसर आणि सिस्टरांचं प्रशिक्षण मे महिन्यातच उरकायला हवं, आणि तेही स्लाइड दाखवून नव्हे, प्रत्येकाच्या हातात ट्यूब देऊन.

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर बरंचसं एका साध्या चाचणीवर ठरतं. शिरेतलं २ मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या, काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं. ट्यूब स्टँडला उभी ठेवायची. २० मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळलं, तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असं धरून प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, सुरू करायचं.

चुका होतात त्या ट्यूबपाशीच. काचेला रक्त लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाचा अंश राहिलेल्या काचेत ती नीट सुरूच होत नाही. मग निरोगी माणसाचं रक्तही पातळ दिसतं आणि गरज नसताना प्रतिविष जातं. शंका असेल तर सोबत आलेल्या निरोगी नातेवाइकाचं रक्त शेजारच्या ट्यूबमध्ये घ्या. तेही गोठलं नाही तर दोष ट्यूबचा. उलट, पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणून पेशंटला घरी पाठवणं फार धोक्याचं. पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने, नंतर दर तासाला चाचणी करायची, आणि २४ तास देखरेख.

प्रतिविषाचा सुरुवातीचा डोस १० व्हायल, म्हणजे पावडरच्या १० छोट्या बाटल्या. मुलांनाही तेवढाच, कारण साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही. पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवू नका, फेस होतो. तळहातांत हळू फिरवा. सलाइनमधून साधारण तासाभरात द्यायचं, लहान मुलांत सलाइन वजनाप्रमाणे. आधी त्वचेखाली टेस्ट डोस देण्याची पद्धत आता सोडून द्या. त्यावरून रिअ‍ॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. त्यापेक्षा रिअ‍ॅक्शनवरचं औषध, अ‍ॅड्रेनॅलिन, आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा. अंगावर गांधी, खोकला, थंडी वाजणं, काहीही दिसलं तर प्रतिविष थांबवून प्रौढाला ०.५ मिग्रॅ अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पेशंट सावरला की प्रतिविष पुन्हा हळू सुरू. घाबरून ते कायमचं बंद करणं, ही प्रशिक्षणात मोडून काढायची सवय.

घट्ट दोरी बांधून आणलं असेल तर ती एकदम सोडू नका. आधी शिरेत सुई लावून घ्या, प्रतिविष आणि श्वासाची सोय तयार ठेवा.

मण्यारीच्या दंशात ट्यूबची चाचणी काही सांगत नाही, कारण तिचं विष रक्तावर नव्हे, नसा आणि स्नायूंवर चालतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो. सूज नाही, दाताची खूणही बऱ्याचदा दिसत नाही. अशा वेळी पापण्या खाली पडताहेत का ते बघा. पेशंटला एका दमात आकडे मोजायला लावा आणि कुठवर पोचला ते वेळेसह लिहून ठेवा. आधी २५, अर्ध्या तासाने १४ झाले, तर श्वासाचे स्नायू दमताहेत. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, उशाशी आणा आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात हलवण्याची तयारी करा. स्नायूंना जोर देणारं निओस्टिग्मिन, अ‍ॅट्रोपिनसोबत, नागाच्या दंशात उपयोगी पडतं; मण्यारीत त्याच्यावर विसंबू नये.

रेफरच्या चिठ्ठीवर दंशाची वेळ, प्रत्येक ट्यूबचा निकाल, किती व्हायल कधी दिल्या आणि शेवटचा आकडा लिहा. अँब्युलन्समध्ये मागे बॅग दाबता येणारा माणूस बसवा.