अटलांटिक सिटीतील एक घर आणि पुनर्विकासाची आश्वासने

विकासक आणि जमीनमालक यांच्यातील वाद मोबदल्याच्या आकड्यावर अडलेला असतो असे आपण सहसा गृहीत धरतो आणि नकार देणाऱ्या मालकाला आडमुठा ठरवून मोकळे होतो. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील अटलांटिक सिटीचे प्रकरण वाचल्यापासून मला हे गृहीतक फार तोकडे वाटते.

उतरती कळा लागलेल्या या पर्यटननगरीत कॅसिनोंना 1976 च्या सार्वमताने परवानगी मिळाली आणि 1978 मध्ये पहिला कॅसिनो उघडला. समुद्राजवळच वेरा कोकिंग यांनी 1961 मध्ये 20 हजार डॉलरना घेतलेले घर होते. 1980 च्या सुमारास मासिकांचे प्रकाशक बॉब गुचोनी यांनी तेथे कॅसिनो उभारण्यासाठी त्यांना 10 लाख डॉलर देऊ केले. कोकिंग यांनी नकार दिल्यावर गुचोनी यांनी घराला वेढून पोलादी सांगाडा चढवायला घेतला आणि पैसे संपल्यावर तो तसाच सोडून दिला. पुढे शेजारच्या ट्रम्प प्लाझा या डोनाल्ड ट्रम्प यांच्या कॅसिनोला आलिशान गाड्यांच्या वाहनतळासाठी आणि हिरवळीसाठी ती जागा हवी झाली, तेव्हा मात्र खरेदीदाराऐवजी राज्याचे कॅसिनो पुनर्गुंतवणूक विकास प्राधिकरण सक्तीच्या संपादनाचा अधिकार घेऊन पुढे आले आणि त्याने देऊ केलेली रक्कम होती 2 लाख 51 हजार डॉलर. सौदा आणि संपादन यांत काय फरक असतो, हे या दोन आकड्यांवरून समजावे.

जुलै 1998 मध्ये न्यायालयाने कोकिंग यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामागील कारण मला निकालापेक्षाही महत्त्वाचे वाटते. जागा हाती आल्यावर ट्रम्प यांनी तेथे वाहनतळ आणि हिरवळच केली पाहिजे असे कोणतेही बंधन व्यवहारात नव्हते. उद्या त्यांनी कॅसिनो वाढवला असता तरी त्यांना कोणी अडवू शकले नसते. म्हणजे सार्वजनिक हित दाखवून जमीन घ्यायची, पण ते हित साधण्याची जबाबदारी लाभार्थ्यावर टाकायची नाही, हा या योजनेतील खरा दोष होता.

त्याच किनाऱ्यावरील लाँग ब्रँच शहरात प्रश्न घरे मोडकळीस आल्याच्या पुराव्याचा होता. 1996 मध्ये समुद्रकिनारी पट्टा पुनर्विकासाला योग्य ठरवण्यात आला आणि त्यात वृद्ध रहिवाशांची नीटनेटकी, राहती घरेही ओढली गेली. शहराला नवी गुंतवणूक हवी होती हे खोटे नाही; तेथील पिअर व्हिलेज या नव्या वसाहतीने पर्यटक परत आणलेही. परंतु शेजारी नवी इमारत शोभून दिसते एवढ्यावरून जुने घर मोडकळीस आले असे ठरत नाही. 2008 मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा या घरांविरुद्धचा निकाल फिरवला आणि पुढच्या वर्षी शहराने तडजोड करून संपादनाचा नाद सोडला.

कनेक्टिकटमधील न्यू लंडनच्या रहिवाशांना मात्र हे भाग्य लाभले नाही. सुझेट केलो आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या विरोधात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2005 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल देऊन आर्थिक विकास हे संपादनासाठी पुरेसे प्रयोजन मानले. त्यानंतर विकासकाला भांडवल उभारता आले नाही, शेजारच्या फायझर कंपनीने 2009 मध्ये तेथून निघण्याचे जाहीर केले आणि घरे हटवून मोकळी केलेली जमीन वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. (अटलांटिक सिटीतील ट्रम्प प्लाझाही 2014 मध्ये बंद पडला आणि 2021 मध्ये स्फोटाने पाडला गेला. कोकिंग यांनी जागा दिली असती, तर ती एका बंद कॅसिनोच्या वाहनतळाखाली गेली असती.)

कोकण किनारपट्टीवरील जमिनींच्या संदर्भात म्हणूनच मला आपल्या 2013 च्या भूसंपादन कायद्याकडे वळून पाहावेसे वाटते. खासगी कंपनीसाठी संपादन करायचे तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही त्यातील अट बहुतेकांना ठाऊक असते. त्यामानाने कलम 101 कडे कमी लक्ष जाते. ताबा घेतल्यापासून 5 वर्षे जमीन वापराविना राहिली, तर ती परत करावी असे हे कलम सांगते. मात्र ती मूळ मालकाला द्यावी किंवा सरकारच्या भूमी बँकेत, म्हणजे वापराविना पडलेल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे, जमा करावी, असे दोन्ही मार्ग त्याने खुले ठेवले आहेत आणि त्यांतून निवड करण्याचा अधिकार मालकाकडे नाही.